पंख्यावरचं वाक्य

शुक्रवार, संध्याकाळ. कोरमंगला, बेंगळुरू.

होसकोटेच्या कारखान्यातल्या भट्टीचा प्रोग्राम आज पुरा झाला. फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलाय, आणि माझ्या हट्टापायी उलट्या पद्धतीने: फाइलभर माणसांसाठी सलग मजकूर, कोड मधेमधे, खूण करून. मशीन मजकूर सोडून देतं, खुणेचं तेवढंच वाचतं.

भट्टी गार करणाऱ्या पंख्याच्या कोडच्या वर मी लिहिलं होतं, ‘भट्टी बंद झाल्यावर पंखा इतक्या लवकर का थांबवायचा, मला कळलेलं नाही. जुन्या प्रोग्राममधून जसंच्या तसं घेतलंय.’

माझ्या जोडीला काम करणाऱ्या प्रसन्नाने नेमकं तेच धरलं. “अक्का, सोमवारी तिकडचे इंजिनिअर हे वाचणार. आपल्यालाच कळलं नाही, हे कशाला सांगायचं? स्वल्प ॲडजस्ट करा, काढून टाका ते वाक्य.”

काढलं. प्रोग्राम पुन्हा चालवून पाहिला, काही फरक नाही. पडणार तरी कसा? मशीनने ते वाक्य कधी वाचलंच नव्हतं.

मग चहा घेऊन बसले आणि फाइल वरून खाली वाचली. पंख्यापाशी अडखळलेच नाही. सगळं कसं विचार करून ठरवल्यासारखं दिसत होतं. न कळलेलं मलाच, लिहिलेलं मीच, आणि चहा संपेपर्यंत मलाही ते बरोबर वाटायला लागलं होतं. मग तिकडच्यांना का नाही वाटणार?

वाक्य परत घातलं. प्रसन्ना चिडेल, चिडू दे. त्याखाली एक ओळ वाढवलीय: ‘तुम्हाला माहीत असेल तर इथेच लिहा.’