तात्यांचा बिल्ला

प्रिय मैत्रेय,

सप्रेम जयभीम.

शनिवारी तुझं लग्न, आणि ताई फोन करायचा सोडून पत्र लिहीत बसलीय, याचं तुला नवल वाटेल. फोनवर तू मध्ये बोलशील आणि मी पुन्हा टाळेन. गेले चार महिने टाळतेच आहे.

लग्नाच्या फोटोत तात्यांचा बिल्ला तुला कोटावर लावायचा होता. निशिगंधालाही ते फार आवडलं होतं, म्हणालास. तो पालिकेचा पितळी बिल्ला छातीवर लावून आपल्या आजोबांनी एकतीस वर्षं नागपूरची गटारं उपसली. बाबा गेले तेव्हाही तात्यांनी तो पेटीतून काढून हातात धरला होता, आठवतं?

माझ्या लग्नाला तात्या इथं ऑकलंडला, अवोन्डेलच्या घरी आले, तेव्हा परीक्षेमुळे तू नव्हतास. सकाळी फोटोग्राफर बाई आली आणि म्हणाली, दोन्ही घरच्या जपलेल्या वस्तू टेबलावर मांडा, अंगठ्यांसोबत फोटो काढू. गंधारच्या आईंनी चांदीची अत्तरदाणी ठेवली, पणजीची मोत्यांची नथ ठेवली, खाली जुनी पैठणी अंथरली. आपल्याकडचं टेबलावर काहीच नव्हतं. तेवढ्यात तात्यांनी खिशातून रुमालाची घडी काढली. बिल्ला चिंचेनं घासून लख्ख केलेला. तो त्यांनी नथीशेजारी ठेवला आणि मला म्हणाले, "बाईला सांग पोरी, यावर तुझा बाप इंजिनियर झाला."

बाई माझ्याकडे बघत होती. गंधारच्या मावश्याही. मी हसले आणि इंग्रजीत म्हणाले, "आजोबा बस कंपनीत मॅनेजर होते, तिथला आहे."

बस आणि मॅनेजर, हे दोन्ही शब्द तात्यांना कळत होते रे.

त्यांनी बिल्ला उचलला, रुमालात गुंडाळला. "राहू दे. तुझा फोटो बिघडायचा," एवढंच म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं. गंधारच्या घरी आपलं सगळं माहीत होतं. तिथं मला कुणी कधी एका शब्दानं दुखवलं नाही. लाज माझीच होती. माझ्या अल्बममध्ये तात्या एकाच फोटोत आहेत, कडेच्या खुर्चीवर, नजर जमिनीकडे. परत जाईपर्यंत ते माझ्याशी जेवणाखाण्यापलीकडे काही बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही.

नागपूरला पोचल्यावर आठवडाभरात मोडीवाला आला. आई जुनी भांडी देत होती. तात्यांनी त्या भांड्यांवर बिल्ला ठेवला. आई हात धरायला गेली, तर म्हणाले, "नातीच्या लग्नात चालला नाही, आता कुणाला दाखवायचाय?" महिन्यानं ते गेले.

हे सगळं आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं. तू बिल्ला मागितलास तेव्हा मी तिच्यापुढे रडले, मैत्रेयला सांगू नकोस म्हणाले. म्हणून तिनं तुला सांगितलं की आवराआवरीत तिच्याच हातून बिल्ला हरवला. तू तिला नाही नाही ते बोललास, आणि तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलंस. तिनं ऐकून घेतलं. मीही ऐकत राहिले.

आई गुरुवारी सकाळी ऑकलंडला उतरतेय. तिला आणायला मी जाणार नाही, तू ये. विमानतळावरच तिची माफी माग, आणि तिला नीट जवळ घेऊन पोरिरुआला तुझ्या घरी ने. मी लग्नाला यावं की नाही, ते हे वाचून तू ठरव. नको म्हणालास तर मी कुणापुढेही दुसरं कारण सांगणार नाही.

तुझीच,
संघमित्राताई