कॉलरमागचं लेबल

प्रिय तरन्नुम,

अम्मीशी तू रोज बोलतेस, फोन माझ्याकडं आला की मात्र तुला मीटिंग असते. म्हणून हे पत्र. आता याला मीटिंगचं कारण सांगून बघ.

ईदला पाहुण्यांसमोर मी तुझी थट्टा केली. आपल्या तालुक्यासाठी टँकर मागवायची वेबसाइट तू तीन महिने खपून केलीस, आणि मी उघडून बघतो तर पांढरं पान नि तीन प्रश्न. गाव कोणतं, घरं किती, टाकी कुठं. ना फुलं, ना सुस्वागतम, ना तुझं नाव. मी म्हणालो, पोरीनं पगार घेऊन कोरा कागद दिला. सगळे हसले. तू ताट तसंच ठेवून उठलीस, ते मला पाहुणे गेल्यावर कळलं. चाळीस वर्षं मी प्रत्येक कॉलरमागं 'सिकंदर टेलर्स, जत' असं लेबल लावत आलोय. नाव दिसलं नाही तर काम केलं कशाला, एवढंच माझं शहाणपण.

गेल्या आठवड्यात वाडीवरची मनुबाई ब्लाउज न्यायला आली. दुकानात बसूनच तिनं टँकर मागवायला फोन काढला. मदत करावी म्हणून मी चष्मा शोधायला लागलो, तो सापडेपर्यंत तिचं झालंसुद्धा. मी मुद्दाम विचारलं, वेबसाइट कशी वाटली? म्हणाली, "कसली येबसाइट? आमी पाणी मागितलं." खरं सांगतो, तुझ्या वतीनं मला रागच आला. मग तिनं ब्लाउज घालून बघितला, हात वर-खाली केले, आणि त्याबद्दल चकार शब्द न काढता मेंढरांच्या गोष्टी सांगत बसली. काखेत जरा ओढलं असतं तर तासभर ऐकवलं असतं. आमच्या धंद्यात याहून मोठी पावती नाही. इतकी वर्षं मला हे ठाऊक होतं, फक्त तुझ्या कामात ओळखता आलं नाही. दुसऱ्या दिवशी टँकर वाडीवर पोचला.

सोबत निळा कुर्ता पाठवतोय. लहानपणी तू म्हणायचीस, अब्बा, लेबल टोचतंय, आणि मी म्हणायचो, सवय होईल. या कुर्त्याला लेबल लावलेलं नाही. चुकलो मी, बेटा. हसलेल्या सगळ्या पाहुण्यांनाही फोन करून तसं सांगितलंय. घालून बघ. कुठं टोचलं तर मला फोन कर. नाही टोचलं तरी कर.

तुझाच,
अब्बा