पंधरावी सोंगटी

मी, कुमारी मार्था जयराम पगारे, वय ७१ वर्षे, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार लॅम रोड, देवळाली कॅम्प, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मला दाबेल असे माणूस या कॅम्पात उरलेले नाही. वकिलांनी चौथे कलम वाचून टाईप करायला नकार दिला, म्हणून अक्षर माझे आहे. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. किरकोळ वस्तू. स्टीलचे कपाट, मिक्सर आणि शिलाई मशीन तळमजल्यावरचे हारुन टेलर यांना. त्यांनी वीस वर्षांत माझे एकही ब्लाऊज नीट बसवले नाही, पण मी आजारी असताना रोज दार वाजवून जात. माझी पेटी चर्चला, मात्र सौ. कांबळे यांनी तिच्यावर गाऊ नये. बँकेतली शिल्लक माझ्या दफनाला वापरावी. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी माझ्या प्रेमळ स्वभावाबद्दल बोलू नये. खोटे बोलून त्यांना काय मिळणार?

कलम २. माहजाँगचा संच, एकशे चव्वेचाळीस सोंगट्या, लाकडी पेटीसह. हा चिनी खेळ आमच्याकडे कसा आला ते लिहिणे भाग आहे. वडील जयराम हे ऑफिसर्स मेसमध्ये बेअरा होते. दुपारी साहेबांच्या बायका माहजाँग खेळत. माझी धाकटी बहीण मरीया आणि मी सोंगट्या पुसायला जात असू. खेळाला चार माणसे लागतात. एखादी बाई आली नाही की चौथ्या खुर्चीवर मला बसवत. मी दहा वर्षांची होते. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि मी जिंकत होते. घरी आल्यावर मरीयेला मीच शिकवले, पुठ्ठ्याचे तुकडे कापून. आयुष्यात मी केलेली सर्वात मोठी चूक ती हीच.

कलम ३. वरील संच मरीयेची नात योगिनी हिला द्यावा. ही सोळा वर्षांची मुलगी गेल्या जूनमध्ये न सांगता माझ्या दारात उभी राहिली. मोबाईलवर ती एक जपानी कार्टून मालिका बघते. त्यात शाळेतल्या मुली माहजाँगच्या स्पर्धा खेळतात आणि दोन बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत. मला म्हणाली, "मोठी आजी, सेम तुमची स्टोरी आहे. तुम्ही त्यातल्या मोठ्या बहिणीसारख्या आहात. ती कोणालाच आवडत नाही, पण भारी खेळते."

मी विचारले, "शेवटी काय होतं?"

"बोलतात ना त्या! रडतात पण."

मी म्हटले, "मग पुढचं बघू नकोस, बिघडशील." ती हसली. तिला वाटले मी गंमत केली. तेव्हापासून ती दर शनिवारी शिकायला येते, आणि हात तिच्या आजीसारखा चालतो. संच तिला देण्याचे कारण प्रेम नव्हे. मरीयेची भाड्याची एकच खोली आहे आणि योगिनी तिच्याजवळच राहते. तिथे रोज त्या सोंगट्या वाजतील आणि तिला ऐकाव्या लागतील.

कलम ४. हे कलम मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे.

कॅम्पातल्या ऑफिसर्स क्लबाच्या वार्षिक माहजाँग स्पर्धेत बाहेरच्या एकाच खेळाडूला जागा असे. नऊ वर्षे ती जागा माझी होती. डिसेंबर १९८९ मध्ये ती मरीयेला दिली, कारण ती माझ्यापेक्षा चांगली खेळत होती. ती खरोखरच चांगली खेळत होती, हेही लिहून ठेवते. मला म्हणाले, तुम्ही गणिताच्या बाई, तुम्ही पंच व्हा. शेवटच्या डावात मरीयेने "माहजाँग" म्हणून डाव जिंकल्याचे पुकारले आणि सोंगट्या उघड्या केल्या. सगळ्या एकाच जातीच्या, बांबूच्या. तसा हात मला आयुष्यात लागला नाही. नियमाप्रमाणे बरोबर चौदा लागतात, एक जास्त म्हणजे चोरी, आणि तिच्यापुढे चौदाच होत्या. मी तपासायला वाकले, पदर सावरल्यासारखे केले आणि टाकलेल्या ढिगातून आधीच उचललेली एक सोंगटी तिच्या रांगेत सरकवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे मोजले. पंधरा.

मरीया म्हणाली, "ताई, परत मोज ना. तुझ्याकडून चुकलं असेल." मी परत मोजले. एक बाई म्हणाल्या, बेअऱ्याची पोर, दुसरं काय करणार. वडील चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभे होते. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि मरीयेच्या थोबाडीत मारली. दोन वर्षांनी ते गेले ते तिला चोर समजूनच गेले. शेवटी ती भेटायला आली तेव्हा दाराशी मी होते. मी तिला आत सोडले नाही.

मरीयेने चोरी केलेली नाही. चोरी मी केली. दर नाताळला तिचे पत्र येई: "ताई, मी चोर नाही एवढं एकदा लिहून दे, बाकी मला काही नको." मी एकाही पत्राला उत्तर दिले नाही. पत्रे कपाटात वरच्या खणात आहेत, रद्दीत घालावीत. मला पश्चात्ताप झाला असे कोणी समजू नये. वाईट एवढेच वाटते की असला डाव मी खेळले आणि तो कोणालाच कळला नाही.

कलम ५. माझे राहते घर, दोन खोल्या व गच्ची, मी माझी बहीण मरीया भालेराव हिला देत आहे. ही देणगी कोणत्याही कारणाने बाद झाल्यास घर आमची चुलतबहीण गोजराबाई पगारे, राहणार दिंडोरी, हिला जावे. वडिलांच्या दफनाला मरीयेला सगळ्यांदेखत चोर म्हणाली ती हीच.

कलम ६. मी वारसा कायदा वाचला आहे. आम्हां ख्रिस्ती लोकांत मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्याला दिलेले बाद होते. दुसरे साक्षीदार हारुन टेलर आहेत, त्यांच्या वस्तूही यात बाद होतील, पण ब्लाऊज आठवता तेवढे चालेल. म्हणून मी योगिनीबरोबर निरोप धाडला आहे की, रविवारी उपासनेनंतर मरीयेने साक्षीच्या सहीसाठी यावे. ती लगेच हो म्हणाली. योगिनी सांगत होती, आजीने नवी साडी काढली आहे. तिला वाटते समेट होणार. ती वाचणार नाही. मी बोट ठेवीन तिथे ती लहानपणापासून सही करत आली आहे. मी मेल्यावर तिला एकाच दिवशी तीन गोष्टी कळतील: ती निर्दोष होती, घर तिचे होते, आणि ते तिने स्वतःच्या सहीने घालवले. हा माझा शेवटचा डाव.

स्थळ: देवळाली कॅम्प, नाशिक
दिनांक: १५ फेब्रुवारी २०२६, रविवार

लिहून देणार: (सही) मार्था जयराम पगारे

साक्षीदार १: (सही) हारुन शेख, टेलर. बाईंनी दोघांच्या समोर सही केली.

साक्षीदार २: (सही) मरीया भालेराव.
सही करण्याआधी मी सगळे वाचले. चौथे कलम दोनदा वाचले. मार्थाताई शुद्धीवर आहे आणि तिने माझ्यासमोर सही केली आहे. घर गोजराबाईला जाईल हे मला समजले, जाऊ दे. ताईने शेवटी लिहून दिले आणि त्याला आता दोन साक्षीदार आहेत. ती कागद फाडायला मागते आहे. हारुनभाईंनी तिचा हात धरला आहे. कागद मी घेऊन चालले. पुढच्या रविवारी चर्चमध्ये चौथे कलम मी स्वतः वाचणार आहे. ताईने पुढच्या बाकावर बसावे.