नावाची पट्टी

हफ्र अल बातिन, सौदी अरेबिया,
मार्च १९९१

प्रिय आकिब,

दुकानाच्या बिलबुकाच्या पाठीवर लिहितेय, कागदाला नावं ठेवू नकोस. शाळा माझी चौथीपर्यंतची, तीही गुरं सांभाळून. एखादी ओळ लागली नाही तर खुशाल पुढे जा, मी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतेच. तुझा पत्ता तुझ्या चाचाने, हुसेनमियाँने लिहून घेतला होता. नुसते आकडे आहेत, ना गाव, ना मोहल्ला. एवढी मोठी अमेरिकेची फौज, पण आपलं पोर कुठे ठेवलंय ते सांगायची तिची हिंमत नाही.

लढाई संपली म्हणतात. भोंगे थांबलेत. जोहराने खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली होती, ती आता निघता निघत नाही, रंग उपटून येतोय. गॅसचे मुखवटे हुसेनमियाँला दोनच मिळाले आणि घरात माणसं आम्ही तीन. मी म्हटलं, तुम्ही नवराबायको घाला, माझ्या जिभेपुढे सद्दामचं विष काय टिकणार. जोहरा रडायला लागली. तुझी चाची अशीच, हसायच्या जागी रडते. पण भोंगा झाला की ती मुखवटा काढून माझ्या तोंडावर दाबायची, हेही सांगून ठेवते. सून म्हणून मी तिला फार बोलले आजवर.

दुकानाची मात्र चांदी झाली. कागदावर दुकान कफीलचं, म्हणजे इथल्या अरबाचं. शिलाईमशीन, घाम आणि शिव्या तुझ्या चाचाच्या. अमेरिकेचे शिपाई आले तसे थोबे, म्हणजे इथल्या पुरुषांचे पायघोळ झगे, आणि शाळेचे गणवेश बाजूला पडले. सगळ्यांना छातीवर नावाची पट्टी शिवून हवी. हुसेनमियाँ मशीनवर अक्षरं काढायचा, मी पडद्याआड बसून पट्ट्या सदऱ्यांवर शिवायची. बायका पण यायच्या रे, खांद्याला बंदूक, ट्रक स्वतः हाकत. इथल्या बायांना गाडी चालवायची मुभा नाही, त्या तोंडावरचा पडदा बाजूला करून बघत राहायच्या. एक काळा सार्जंट नेहमी यायचा, चहात चार चमचे साखर घ्यायचा. त्याची आई कुठल्याशा हॉटेलात चादरी धुते. कॉलेजची फी फौज भरते म्हणून तो भरती झाला, असं त्याने तुझ्या चाचाला सांगितलं. मी आतून म्हटलं, विचार त्याला, तुमच्या मोठ्या लोकांची पोरं कुठल्या तंबूत आहेत? तो इतका हसला की चहा सांडला. म्हणजे तिकडेही तसंच आहे. तेल एकाचं, भांडण दुसऱ्याचं, आणि मरायला धोबिणीचा मुलगा.

मी अमेरिकेला का पाण्यात पाहायची ते तुला कधी धड सांगितलं नाही. नुसती ओरडले. तू तीन वर्षांचा होतास, तुझी आई नुकतीच गेली होती. रेशनला तांदूळ नव्हता, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची. भाकरी थापली की चिरायची, खाल्ली की घशात अडायची. तुला ती दुधात कुस्करून मीच भरवली. मग पोस्टमास्तर एकदा चारचौघांत बोलला, तिकडे हे डुकरांना घालतात. खरं खोटं त्याला ठाऊक. पण त्या दिवशी घरी येऊन मी परात पालथी घातली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ज्वारी आणायला रांगेत उभी राहिले. हे दुसरं मला जास्त लागलं. पुढे एकाहत्तरच्या लढाईत तुझे आजोबा कलकत्त्याच्या बंदरात जहाजावर अडकलेले, आणि रेडिओ सांगतोय की अमेरिकेचं आरमार आपल्यावर चालून येतंय. दाणे देणारा हात तोच आणि दम देणारा हातही तोच. अशा दारात माझा नातू चाकरीला जाणार, हे माझ्या घशाखाली उतरेना.

म्हणून चौऱ्याऐंशी साली तू अमेरिकेला निघालास तेव्हा मी ते केलं. आपल्या घरातून माणूस जहाजावर निघाला की दंडाला इमाम जामीन बांधायचा, ही माझ्या सासूच्या सासूपासूनची रीत. नाणं कपड्यात गुंडाळून बांधायचं, वाट राखायला. सुखरूप पोचला की त्याने ते सोडून गरिबाला द्यायचं. तुझ्या आजोबांना मी बावीस वेळा बांधला. तू बाही वर सारून हात पुढे केलास. मी म्हटलं, त्या मुलखात जाणाऱ्याला मी बांधत नाही. तू तो हात तसाच धरून उभा होतास थोडा वेळ. मग बाही खाली घेतलीस, बटण लावलंस आणि गावच्या खाडीवर होडी धरायला गेलास. सात वर्षं मला तुझा चेहरा आठवला की आधी ते बटण आठवतं.

आणि गंमत बघ, दोन वर्षांत मीच गाव सोडून इथे तुझ्या चाचाकडे आले. तू तिकडे जाऊन अमेरिकेचा शिपाई झालास आणि मी कफीलच्या मेहेरबानीवर जगणारी म्हातारी. कोणी कोणाला नाक मुरडायचं?

तू दुकानात आलास तो जानेवारीचा पहिला शुक्रवार. चाचाने तुला मिठी मारली तेव्हा मशीनवरची कात्री खाली पडली. मग तुझा आवाज आला, दादी हाय का? आवाज जड झालाय, पण हाय तसंच म्हणतोस. मी पडद्यापासून दोन हातांवर होते, सुई हातात. जोहराला खुणेने सांगितलं, सांग निजलीय. तिने सांगितलं. तू म्हणालास, थांबतो. तू दोन चहा प्यालास. तो सगळा वेळ मी श्वास दाबून निजलेली होते. आपल्या चपलांचा आवाज होईल म्हणून पाय पोटाशी घेऊन बसले. पासष्ट वर्षांची बाई, आणि पोरीसोरींसारखी लपले. मग तू सदरा ठेवलास, नावाची पट्टी सुटलीय म्हणालास आणि गेलास.

तो सदरा मी मांडीवर घेतला. बाळा, पट्टी ओढून निघाली की दोरे लोंबतात, कापड ताणतं. तुझे दोरे ब्लेडने कापलेले होते, एकसारखे, चारी बाजूंनी. तू स्वतःच बसून कापलेस, मला भेटायचं निमित्त म्हणून. शिवणाऱ्याच्या घरात असली लबाडी खपत नाही.

दुसऱ्या दिवशी तू सदरा न्यायला येशील म्हणून मी पांढरी ओढणी काढून बसले. आला तो सार्जंट. तुमची तुकडी पुढे हलली म्हणाला आणि शिवून झालेल्या सदऱ्यांचा गठ्ठा घेऊन गेला, तुझाही त्यातच. मग लढाई पेटली. फेब्रुवारीत दम्मामकडे शिपायांच्या बराकीवर रॉकेट पडलं. रेडिओने मेलेल्यांचा आकडा सांगितला, नावं सांगितली नाहीत. मी महिनोन् महिने नावं शिवली रे, आकडे नाहीत. तेव्हापासून कुणाला मेल्या म्हणत नाही, मांजरालासुद्धा. हुसेनमियाँ म्हणतो, तुझी तुकडी तिकडे नव्हती. त्याला काय कळतंय.

आता ज्यासाठी हे लिहिलं ते. तुझ्या नावाच्या पट्टीखाली, डाव्या टोकाला, कापड थोडं जाड लागेल. मला शिवता येत नाही असं समजू नकोस. तिथे पावली आहे, हिरव्या चिंधीत गुंडाळलेली. चौऱ्याऐंशीला तू हात पुढे केलास तेव्हा ती माझ्या मुठीत होती. सकाळीच गुंडाळून ठेवली होती मी. सात वर्षं पेटीत पडली होती. घरी पोचलास की पट्टी उसव आणि ती गरिबाला दे. आपली पावली तिकडे चालत नसेल तर तिथलं नाणं दे. तिकडे गरीब नाहीत असं मला लिहू नकोस, सार्जंटच्या आईचं मला ठाऊक आहे. दिलीस की दोन ओळी टाक, म्हणजे मी समजेन, पोचलास. आणि उसवलेली पट्टी स्वतः शिवायला जाऊ नकोस, तुला सुई धरता येत नाही. सदरा इकडे घेऊन ये. या वेळी मी जागी असेन.

तुझीच,
दादी