उजेडाचा माणूस

४ एप्रिल
दुपारी पूर्णेला पोचलो. यार्डातल्या डब्यांवर ऊन पांढरं पडलं होतं. कंटेनरला इथं सगळे डबाच म्हणतात. बंदरावरून रेल्वेनं आलेले डबे इथं उतरतात, ट्रेलरवर चढतात आणि ताडकळसच्या गोदामांपर्यंत जातात. जवळची वाट, संध्याकाळी माणूस घरी. मला हेच हवं होतं. लेक उसाच्या फडावर जन्मली, खोपटात. बायको, विजयमाला, पुन्हा फडावर जाणार नाही, आणि मी तिला नेणार नाही. पालमला तिला फोन केला. ट्रेलर मिळाला की खोली बघतो म्हणालो. ती म्हणाली, आधी स्टेअरिंग हातात येऊ द्या.

ठेकेदार भुजंग मालक मोकळा माणूस वाटला. लायसन पाहिलं, चहा पाजला. नव्यानं आधी उजेडाचं काम करायचं. मागून माणूस आला की पुढचा सुटतो, त्याला ट्रेलर मिळतो. इथली रीत आहे.

५ एप्रिल
काम सोपं. कापसाच्या गाठी भरण्याआधी रिकामा डबा तपासतात. पत्र्याला भोक असलं तर वाटेत पाणी शिरतं. म्हणून एक माणूस अनवाणी आत जातो. बाहेरून दोन्ही दारं लावतात. तो अंधारात उजेडाचा ठिपका शोधतो, दिसला की खडूनं गोल करतो, मग पत्र्यावर थाप मारतो. बाहेरचा दांडे फिरवून दार उघडतो. आतून उघडायची सोय नाही.

दारावर किशनराव असतात. वयानं मोठे, आता ट्रेलर चालवतात, आधी हेच काम करायचे. त्यांच्या सरजाबाईंनी माझ्याही वाटणीची ज्वारीची भाकरी बांधून दिली होती.

डब्यांना खारट वास येतो. मी समुद्र पाहिलेला नाही.

११ एप्रिल
आज थाप मारली, दार उघडलं नाही. बाहेर हसणं ऐकू आलं. कोणीतरी म्हणालं, पाव्हणा शिजला का बघा. पत्र्याला हात लावता येत नव्हता. दार उघडलं तेव्हा मालकही हसत होता. मीही हसलो.

किशनराव नंतर म्हणाले, "हसलास ते बरं केलंस. रडलास की रोज करतेत."

१७ एप्रिल
माझ्याआधी वालूरचा दत्ता होता. कुठे असतो म्हणून क्रेनवाल्याला विचारलं. गेला म्हणाला. ट्रेलरवर का? तसंच समज, म्हणाला.

बरं वाटलं. माणसं सुटतात तर.

२२ एप्रिल
छपराला भोक होतं. उजेडाची सुतासारखी रेघ थेट तळापर्यंत आली होती. मी खडू काढला. रेघ तुटली, परत जोडली गेली. छपरावर कोणी चढलं असेल असं आधी वाटलं. पण रेघ वरून गेली नव्हती. वरचा अर्धा भाग तसाच होता. ती मध्ये तुटली, माझ्या छातीच्या उंचीला.

बाहेर येऊन सांगितलं. काय होतं, ते किशनरावांनी विचारलं नाही.

"हात लावला का त्यानं?" एवढंच म्हणाले.

२३ एप्रिल
जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. पूर्ण वेळ भाकरीकडे बघत होते. मागच्या मे महिन्यात दत्ताचीही अशीच गंमत केली. थापा चालू असताना सगळे जेवायला बसले. थापा थांबल्या तेव्हा कोणीतरी म्हणालं, झोपला वाटतं. उन्हं उतरल्यावर दार उघडलं. ऊन लागून गेला, असं मालकानं वालूरला कळवलं. डबा धुतला, भरला, बंदराकडे पाठवला.

दार किशनरावांनी लावलं होतं. दत्ता आला म्हणून तर ते सुटले होते.

तो त्याच डब्यात नसतो, म्हणाले. कुठल्याही डब्यात असतो. मागून माणूस आला की सुटशील, असं त्याला सांगितलेलं हाय. वाट बघायलाय.

मी म्हणालो, मी तर आलोय.

किशनराव हात धुवायला उठले.

२६ एप्रिल
आज हात लागला. मानेवर. कोरडा, कढत. मी थापा मारत राहिलो आणि बाहेर हसत राहिले.

मालकाला म्हणालो, जातो. तो म्हणाला, "जा की. कोयत्याला धार लावली का?" मग जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. माणूस आण, म्हणाला. आणशील त्या दिवशी किल्ली.

३० एप्रिल
आश्रुबाला फोन केला. विजयमालेचा थोरला भाऊ. फडावरून आलाय, रिकामाच आहे. काम सोपं म्हणालो. जवळची वाट म्हणालो. बाकीचं नाही —

तो म्हणाला, दाजी, लय उपकार झाले.

३ मे
आश्रुबा आला. मालकानं चहा पाजला. मला किल्ली दिली.

विजयमाला फोनवर रडली. आनंदानं.

४ मे
दार मी लावलं. जुन्यानंच लावायचं असतं.

थाप आली. दांड्याला हात घातला — दुसरी थाप. दुसऱ्या टोकाकडून.

आत एकच माणूस गेला होता.

दाजी, उघडा. दोन्हीकडून. आवाज एकच, आश्रुबाचा —

ट्रेलरच्या केबिनमध्ये येऊन बसलोय. सगळे हसायलेत. त्यांना वाटतंय मी गंमत करायलोय. किशनराव काचेपाशी आले. "नागेश, उघड बाबा." स्वतः दाराकडे जात नाहीत.

उघडलं आणि दुसराच —

उघडलं आणि आश्रुबा पळून गेला तर उद्या आत मी —

मालक जेवायला बोलावतोय. काही जण गेले.

आता एकाच टोकाकडून. सावकाश. दाजी म्हणत नाही. नुसतं

किल्ली फिरवली. इंजिन चालू असलं की काही ऐकू येत ना