चाकांवरच्या घराची रंगीत तालीम

हिगाशी-कसाई, तोक्यो
ऑगस्टचा पहिला रविवार

तीर्थस्वरूप आईंना,

जावई उदय याचा कंबरेतून वाकून नमस्कार. (इथे लिफ्टमध्ये शिरताना वाकायचं, निघताना वाकायचं, आणि फोनवर समोरचा माणूस दिसत नसला तरीही वाकायचं, त्यामुळे कंबर सरावाची आहे. तरी तुम्हाला केलेला नमस्कार त्यात धरू नये.) इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत. तुमचा गुडघा, बोअरची मोटर आणि समोरच्या बंगल्यातल्या काकूंशी तुळशीच्या उन्हावरून चाललेलं तुमचं युद्ध, या तिन्हींची खुशाली कळवावी. हे फोनवरही विचारता आलं असतं. पण जपानला येण्याचा विषय निघाला की तुमचं दूध उतू जातं आणि तुम्ही फोन ठेवता. एकट्या माणसाच्या घरात एवढं दूध तापतं तरी कशाला, असं एकदा केतकीला विचारलं, तर तिने माझ्यापुढे मटार सोलायला ठेवले. म्हणून पत्र. पत्र मध्येच ठेवलं तरी पुन्हा उचलून वाचता येतं.

तर आम्ही दसऱ्यानंतर आणि दिवाळीआधी सहलीला निघालोय. गाडीच्या मागे चाकांवरची खोली जोडायची आणि ती ओढत निक्कोची जंगलं, नासुचा धुमसता डोंगर आणि बांदाई नावाचा ज्वालामुखी असा फेरा मारायचा. या खोलीला ट्रेलर म्हणतात. भाड्याने मिळतो. आत छोटा ओटा आहे, म्हणजे कुणाला बाहेरचं खायचं नसेल तर वरणभात आपला आपण करता येतो. कोपऱ्यात संडास आहे, आणि तो खुर्चीसारखा उंच आहे (गुडघे दुखणाऱ्यांसाठी बरा, हे आपलं जाता जाता सांगितलं). बिछाने चार आहेत. माणसं तीन आणि बिछाने चार कसे, असं तुम्ही विचाराल. लहान ट्रेलर शिल्लक नव्हता, असं मी केतकीला सांगितलंय. तुम्हीही तूर्त तेच धरून चाला.

ज्वालामुखीला तुम्ही घाबरू नये. नासुचा थोडा धूर सोडतो, पण सरकारी खातं रोज त्याची नाडी बघतं आणि जरा कणकण वाटली की रस्ता बंद करतं. बांदाई शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एकदाच असा काही फुटला की त्याच्या दगडमातीने खालचे ओढे अडले आणि त्यांची तळी झाली. ती तळी आज कुठे निळी, कुठे हिरवी दिसतात आणि लोक रांगा लावून बघतात. (आमच्या ऑफिसातही एक साहेब असेच एकदा फुटले होते, पण तिथे तळं वगैरे झालं नाही.) जंगलात अस्वलं आहेत हे मात्र खरं. त्यासाठी पाठीवरच्या पिशवीला घंटा बांधायची. आपल्याकडे घंटा वाजवतात ती आपण आलोय हे देवाला कळावं म्हणून, इथे अस्वलाला कळावं म्हणून. दोघंही बहुधा ऐकून आपल्या जागीच राहतात.

आता ट्रेलर ओढण्याबद्दल. पुढे नेताना काही नाही, बैल गाडी ओढतो तसं आपण ओढत जायचं. घोडं अडतं ते मागे घेताना. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. संसारात इतकी वर्षं मी हेच करत आल्यामुळे मला हे सहज जमेल अशी माझी समजूत होती. भाड्याने देणाऱ्यांच्या आवारात पिवळी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ शिकवायला होते. मी पहिल्या झटक्यात त्यांचा प्लास्टिकचा शंकू चिरडला, तर शंकू तिथे ठेवल्याबद्दल त्यांनीच माझी माफी मागितली. दुसरा शंकू गेल्यावर त्यांनी टोपी काढून माफी मागितली. तिसऱ्याला मी गाडीतून उतरलो आणि आम्ही दोघं समोरासमोर वाकून उभे राहिलो, ते केतकीने येऊन सोडवलं. शेवटी त्यांनी नकाशा उघडला आणि जिथे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडता येतं अशाच मुक्कामांवर खुणा करून दिल्या. थोडक्यात, आमची सहल अशी आखली आहे की आम्हाला कुठेही माघार घेता येणार नाही.

इथे आणखी एक रीत आहे, शितामी. म्हणजे कुठे जायचं असेल तर आधी जाऊन बघून यायचं, मग जायचं. शाळेची सहल असो की कंपनीची जेवणावळ, कुणीतरी आधी जाऊन जिना किती उंच आहे, पावसात कुठे उभं राहायचं, हे बघून येतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुरिहारा-सान (वय तुमच्याएवढं, बाणा तुमच्यासारखाच, तुळशीऐवजी फुलांच्या कुंड्या; सान म्हणजे आपलं 'बाई', आणखी मान द्यायचा तर साम) म्हणाल्या, शितामी न करता लहान मुलीला घेऊन डोंगरात जाणार? त्यांच्या स्वरात असं काही होतं की आम्ही लगेच चिबाच्या समुद्राकाठी ट्रेलर नेऊन एका रात्रीची चाचणी ठरवली. ती नेमकी अमावास्येला आली. केतकीने तुम्हाला फोन केला आणि तुम्ही सांगितलंत, आदल्या दिवशी चांगल्या वेळेला शेजारी प्रस्थान ठेवा, म्हणजे निघाल्यासारखंच. (त्या दिवशी दूध उतू गेलं नाही, हे मी टिपून ठेवलंय. तुम्हाला जपानचं वावडं नाही, फक्त जपानला येण्याचं आहे.)

मग काय, केतकीने रुमालात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि नाणं बांधलं आणि कुरिहारा-सानकडे नेऊन दिलं. हे तुमच्याकडे असू द्या, उद्या निघताना नेऊ, असं तिने नीट सांगितलं. पण या देशात कुणी काही हातात ठेवून असू द्या म्हटलं की ती भेट असते, आणि परत नेऊ वगैरे जे म्हणतात तो विनय असतो. शिवाय भेट आली की परतभेट आलीच. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रस्थान उचलायला गेलो, तर कुरिहारा-सानने रुमाल धुऊन इस्त्री करून ठेवलेला, त्यावर नाणं घासून चकचकीत केलेलं, आणि शेजारी डब्यात भाताचे पिवळेधमक गोळे. आमचे तांदूळ आपल्या तांदळांत मिसळून, हळकुंड किसून घालून त्यांनी पहाटे भात शिजवला होता. सुपारी मात्र बराच वेळ उकळूनही मऊ झाली नाही, म्हणून त्या दिलगीर होत्या.

केतकी रस्ताभर काळजीत. आईने सांगितलेलं प्रस्थान आपण खाऊन टाकलं तर काय होईल? मी म्हटलं, शेजारी ठेवण्यापेक्षा पोटात जास्त सुरक्षित राहील. समुद्राकाठी ते गोळे आम्ही लिंबाच्या लोणच्याबरोबर खाल्ले. चाचणी मग इतकी सुखरूप पार पडली की अमावास्येला स्वतःचीच शंका आली असेल. एकच अडचण झाली. चौघांच्या जागेत आम्ही तिघं एकमेकांवर इतक्या वेळा आपटलो की परतल्यावर मी घरीच रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं.

तालीम अशी. बैठकीच्या खोलीत जमिनीवर चिकटपट्टी लावून ट्रेलरचा नकाशा आखला. इथे ओटा, इथे दार, इथे बिछाने. शनिवारी सकाळपासून तिघांनी त्या चौकटीतच राहायचं. नियमांची अंमलबजावणी नुपूरकडे. (नऊ वर्षांची आहे, पण आवाज जपानी स्टेशनमास्तरचा.) तिने जाहीर केलं की पट्टीबाहेर लाव्हा आहे. कुकरची शिट्टी झाली तशी केतकी धावत स्वयंपाकघरात गेली, तर तिला मृत घोषित करण्यात आलं. जेवायला वाढण्यापुरतं तिला जिवंत केलं आणि नंतर पुन्हा मारलं. मी दाराची काल्पनिक कडी लावायला विसरलो म्हणून अस्वल आत आलं. एकूण छान चाललं होतं.

दुपारी मी ऑफिसची बॅग चौथ्या बिछान्यावर ठेवली. नुपूरने ती उचलली आणि लॅपटॉपसकट लाव्हात नेऊन ठेवली.

"दामे," ती म्हणाली. (म्हणजे चालणार नाही. तिचं पन्नास टक्के बोलणं या एका शब्दात होतं.) "तिथे आजी झोपणार. बाबा, तू ना, विचारत जा."

तिला कुणीही काही सांगितलं नव्हतं. चार बिछाने दिसले आणि तिने आपली माणसं मोजली, इतकंच. केतकी उठली, लाव्हातून चालत बाल्कनीत गेली आणि वाळत घातलेले कपडे काढून, घड्या घालून आत घेऊन आली. कपडे ओले होते. नुपूरने या वेळी तिला मृत घोषित केलं नाही. मी ते ओले कपडे परत वाळत घातले आणि त्या दिवसाची तालीम तिथेच संपली.

आई, आता थोडं सरळ लिहितो. आम्ही बोलावलं तेव्हा पहिल्यांदा तुमचा गुडघा आडवा आला, दुसऱ्यांदा तुळस आली. खरं कारण तुम्ही तुमच्या बहिणीला सांगितलंत आणि त्यांच्याकडून ते आमच्यापर्यंत आलं, की जावयाच्या घरी जाऊन राहणं तुमच्या मनाला पटत नाही. नाना होते तेव्हाही तुम्ही दोघं पुण्याला आमच्याकडे यायचात, जेवायचात आणि संध्याकाळच्या गाडीने सांगलीला परत जायचात. नाना तर जाताना नुपूरच्या हातावर जेवणाचा मोबदला असावा असं काही ना काही ठेवूनच उठायचे. मी याची चेष्टा करणार नाही. (मला चेष्टेची खोड आहे हे तुम्ही जाणता, तेव्हा हे वाक्य दोनदा वाचावं.) ज्या रीतीवर माणसाने आयुष्य ताठ मानेने काढलं ती सत्तरीत जावयाच्या हट्टापायी सोड म्हणणं, हे काही मला शोभत नाही.

पण केतकीचं सांगतो. तिने तुम्हाला बोलावणं बंद केलंय, ते रागाने नाही. आणखी एकदा नकार ऐकायची तिची तयारी नाही. नाना गेल्यापासून ती सांगलीला आली ती दिवसांना, वर्षश्राद्धाला, बँकेत आणि नगरभूमापन कार्यालयात. तुम्हाला मुलगा नाही, म्हणून ती दर वेळी मुलगा होऊन आली आणि कागदांवर सह्या करून परत गेली. मुलगी म्हणून यायला तिला सवडच झाली नाही. इथे ती नोकरी करते, नुपूरचं बघते, माझंही बघते, आणि कधीतरी उगाचच विचारते की आई आत्ता काय करत असेल. मी साडेतीन तास वजा करून सांगलीची वेळ तेवढी सांगतो. मला तुमची आठवण येते हेही लिहून टाकतो. जावयाने असं लिहिण्याची रीत नसेल तर ही ओळ गाळून वाचावी.

बाकी सर्व ठीक. नुपूरचा गालगुच्चा, तो तुम्ही फोनवर घेता तसाच घ्यावा. कुरिहारा-सानचा नमस्कार. त्यांना सुपारी कशी खातात ते समजून घ्यायचं आहे आणि ते मला दाखवता आलं नाही.

तुमचा,
उदय

ता. क. येताना भडंग आणि गोडा मसाला आणावा. 'येताना' चुकून लिहिलं गेलं. 'पाठवावा' असं वाचावं.

ता. क. २. याच पाकिटात व्हिसाचे कागद आहेत. ते चुकून आलेले नाहीत.

ता. क. ३. मुख्य गोष्ट लिहायची राहिली. ट्रेलर मी तुमच्या नावावर घेतला आहे. गाडी हाकणारा म्हणून माझं नाव आहे, पण घर लीलावती आगाशे यांचं. भाड्याच्या कचेरीतला पोरगा फार गोंधळला. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, म्हणजे हे आगाशे-सामांचं बिऱ्हाड, आणि तुम्ही तिघं कोण? मी म्हटलं, त्यांच्याकडे राहायला आलेली लेक, नात आणि जावई. त्याला ते एकदम पटलं. दाराला लावायला तुमच्या नावाची पाटीसुद्धा त्याने करून दिली आहे. तेव्हा तुम्हाला जावयाच्या घरी राहायचंच नाही. विमानतळावरून थेट स्वतःच्या घरी जायचं आहे.

केतकीला यातलं काहीही माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही. ते माझ्या तोंडून बरं दिसायचं नाही. तुमचं ठरलं की तुम्हीच तिला फोन करा, आणि दसऱ्यानंतर चार दिवस माहेरी ये, असं सांगा.