बबडीच्या खोलीतलं डोंगरी हवामान

३ मे, सकाळी ७
रोप आलं! उंच डोंगरावर, ढगांत वाढणारं झाड. गुलाबी फुलांची झुंबरं लटकतात म्हणे. बी लावलं तर फुलायला आठ वर्षं. माझं कलमी आहे, अकरा पानं आणि एक कळी घेऊनच आलंय. नर्सरीवाला म्हणाला, साहेब, घरात हे कुणाकडेच टिकत नाही. त्याला काय ठाऊक, मी बावीस वर्षं कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर आहे. थंडी राखणं माझ्या हातचा मळ.

४ मे
घरात एसी एकाच खोलीत, बबडीच्या. आमचं एकुलतं एक रत्न हॉस्टेलवर, म्हणजे खोली रिकामी. रोप तिकडे हलवलं. अठरा डिग्री. खिडक्यांना ओल्या चादरी. बायको म्हणाली, पोरीच्या गादीला बुरशी येईल. गादी भिंतीशी उभी केली. प्रश्न मिटला.

९ मे
कामावरून दर तासाला बायकोला फोन, थर्मामीटर बघून सांग. चौथ्या फोननंतर तिने उचलणंच बंद केलं. मोठ्या कामाला घरातून साथ नसतेच.

१२ मे
कळी फुगली! मालकांसकट सगळ्या स्टाफला फूल बघायला बोलावलं. जिवाला चैन नाही. जेवताना तीनदा उठून बघून आलो.

१४ मे
बबडीचा फोन. परीक्षा संपली, सतराला येतेय. एक जूनपासून नोकरी, तीही लांबच्या शहरात. म्हणजे हे शेवटचे पंधरा दिवस, पुढे वर्षातून एकदा भेट. फार आनंद झाला. तारीख तेवढी कळीच्या आडवी आली.

१५ मे
तोडगा काढला. तिची मावशी चार गल्ल्या सोडून राहते. बबडीने झोपायला तिथे, जेवायला आमच्याकडे. कळी उमलेपर्यंतच. फोनवर तिने किती दिवस एवढंच विचारलं, मग बरं म्हणाली. समजूतदार पोर. बायको तेव्हापासून माझ्याशी फक्त भांड्यांतून बोलतेय.

१७ मे
बबडी आली. दारातूनच झाड पाहिलं आणि शिंकली. गार हवा जाऊ नये म्हणून मी चटकन दार लावलं. तिला सफरचंदं जीव की प्राण, म्हणून स्टोरेजमधून अख्खी पेटी आणली. बाहेर उकाड्यात नासतील, म्हणून झाडाशेजारी ठेवली. एका दगडात दोन पक्षी.

१९ मे
सकाळी नऊ पानं, दुपारी सात. बायकोने दार उघडं टाकलं असणार. ती म्हणाली, त्या खोलीत मी पाऊलही टाकत नाही.

२१ मे
चार. कळी मलूल. बबडी जेवायला आली नाही, मावशीकडे सिनेमाचा बेत होता. बरंच झालं, दाराची उघडझाप कमी.

२२ मे
कळी पडली. पानं शून्य. नर्सरीवाल्याला बोलावलं. आत आल्या आल्या त्याने नाक वर केलं आणि विचारलं, पेटीत सफरचंदं आहेत का? पिकत्या फळांच्या गॅसने पानं, कळ्या गळतात, एवढंही कुणी सांगितलं नाही तुम्हाला?
आमच्या स्टोरेजच्या दारावर बोर्ड आहे. 'फळांशेजारी पालेभाजी ठेवू नये.' खाली सही माझी. हे त्याला सांगितलं नाही.

२३ मे
एका दृष्टीने बरंच झालं, खोली मोकळी झाली. गादी उन्हात वाळवून घातली, नवी चादर, उशाशी धुतलेली सफरचंदं. बबडीला फोन केला. ती म्हणाली, राहू दे बाबा, मावशीकडे सामान लावून झालंय, आता आठवड्यासाठी कशाला हलवू? आवाजात राग नव्हता. राग असता तर समजूत काढली असती. फार वाईट वाटलं.

३१ मे, दुपारी
बबडी गेली. निघताना पाया पडली, एसीचं बिल सांभाळ म्हणाली. स्टेशनवरून आलो तर बायको बबडीच्या गादीवर बसलेली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, नर्सरीवाल्याकडे अजून एक रोप आहे, आणि खोली आता रिकामीच राहणार. ती उठली, एसी बंद केला आणि खिडक्या उघडल्या.